पट मांडलेला राहू द्या

तीर्थरूप बाबांस व आईस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मंगळवारी मिळाले. बाकीचा मजकूर मी नंतर वाचला. आधी नजर गेली ती पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर लिहिलेल्या '२८३६' या चार आकड्यांकडे. अंगावरचा कोटही न उतरवता मी खिडकीशी मांडून ठेवलेल्या पटावरचा तुमचा घोडा उचलला, त्याच्या नव्या घरात ठेवला आणि मगच खुर्चीत बसून पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले.

आई, हे आकडे काय आहेत असे तू विचारले आहेस, म्हणून सांगते. पटाच्या उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून एक ते आठ असे क्रमांक द्यायचे आणि आडव्या रांगांनाही पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ. मग पहिले दोन आकडे म्हणजे मोहरा जिथून उठला ते घर आणि पुढचे दोन म्हणजे तो जिथे जाऊन बसला ते घर. पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्यांमध्ये ही पद्धत रूढ झाली त्यामागचे कारण मला फार आवडते. मोहऱ्यांची नावे भाषेगणिक बदलतात. आपला उंट इंग्रजीत धर्मगुरू होतो, फ्रेंचमध्ये विदूषक आणि जर्मनमध्ये धावणारा. आपला हत्ती जर्मनमध्ये बुरूज असतो आणि आपल्या वजिराची तर इंग्रजीत राणी झालेली आहे. दोन देशांतल्या दोन खेळाडूंना एकमेकांच्या भाषेतले अक्षरही कळत नसले, तरी आकड्यांमध्ये त्यांचा घोटाळा होत नाही. अशा खेळाडूंची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ पासून आहे, आणि ज्यांना आयुष्यात कधीही भेटायचे नाही अशा माणसाबरोबर वर्षानुवर्षे एकच डाव खेळणारे लोक तिच्यात आहेत.

आपला डाव किती चालेल याचा हिशेब मी परवा केला. चाळीस खेळ्यांचा डाव धरला, तर दोघांच्या मिळून ऐंशी खेळ्या होतात, म्हणजे ऐंशी पत्रे. महिन्याला तुमचे एक आणि माझे एक असे धरले, तर चाळीस महिने. फोनवरून हाच डाव तासाभरात संपवता आला असता, हे तुम्ही मागच्या वेळी म्हणालात ते खरे आहे. परंतु मला तो संपवण्याची घाई नव्हतीच. लहानपणी मोहऱ्याला हात लावला की तोच खेळायचा, हा तुमचा नियम कडक होता आणि त्यापायी मी कितीतरी डाव हरले. पत्राच्या डावात मोहऱ्याला हवा तितक्या वेळा हात लावता येतो, तो उचलून दुसऱ्या घरात ठेवून त्याच्याकडे दोन दिवस पाहताही येते. मात्र पाकीट टपालपेटीत पडले की खेळी परत घेता येत नाही. रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी मी पाच मिनिटे त्या पटापाशी उभी राहते, आणि आश्चर्य म्हणजे त्या सवयीमुळे माझ्या वाचनाचा वेग कमी झाला आहे. पूर्वी गाडीत बसले की पाने भराभर उलटत असे. आता एखादे वाक्य आवडले, किंवा पुरते कळले नाही, तर मी मागे जाऊन ते पुन्हा वाचते आणि त्या दिवशी पुस्तक चारच पानांनी पुढे सरकले, तरी मला रुखरुख लागत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या मुख्य तक्रारीकडे येते. तुमचा नातू खेळण्यात फार वेळ घालवतो, मग तो वाचणार कधी, आणि त्याची आईच खेळांना इतके डोक्यावर घेते, मग त्याला वाचनाची गोडी लावणार कोण, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचे म्हणणे मी बाजूला सारत नाही. त्यातला एक भाग मला पूर्ण पटतो आणि त्याबद्दल पुढे लिहितेच. परंतु वाचन एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला अशी तुम्ही जी वाटणी केली आहे, तीच मला मान्य नाही.

इथल्या ग्रंथालयात मी दर शनिवारी जाते. पुस्तके मेल्विल ड्युई यांच्या १८७६ मधल्या दशांश पद्धतीने लावलेली आहेत. त्या पद्धतीत घरात बसून खेळायचे खेळ ७९३ मध्ये येतात, कौशल्याचे ७९४ मध्ये, आणि बुद्धिबळाला त्यातलाच ७९४.१ हा क्रमांक आहे; पुढे नशिबाचे खेळ, मैदानी खेळ, पाण्यातले खेळ, घोडेस्वारी, मासेमारी असे करत ७९९ संपले की लगेच ८०० पासून साहित्य सुरू होते. म्हणजे बुद्धिबळाच्या पुस्तकांपासून कथा-कवितांपर्यंत जायला मला फार तर पंधरा पावले चालावी लागतात. माझा मुलगा त्या कपाटाच्या एका टोकाला बसतो, मी दुसऱ्या टोकाला, आणि तासाभराने आम्ही मध्येच कुठेतरी भेटतो.

डॉ. रंगनाथन यांच्याबद्दलची एक गोष्ट तर तुम्हाला नक्की आवडेल. ते मुळात गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर ते अभ्यासासाठी लंडनला गेले, आणि तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तीच चाके आणि तेच नट-बोल्ट घेऊन कधी गाडी, तर कधी यारी उभी करता येते, हे पाहून त्यांच्या मनात आले की पुस्तकांचे विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील. त्यातून १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली, ज्यात विषयाचे भाग विरामचिन्हांनी एकमेकांना जोडलेले असतात. आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्यांना त्यांची सर्वांत मोठी कल्पना लहान मुलांच्या एका खेळण्याने सुचवली. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेली पाच सूत्रे तुम्हीच मला शाळेत असताना सांगितली होती. 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' ही त्यांतली दोन मला अजून तोंडपाठ आहेत. माझ्या मुलाला त्याचे पुस्तक कुठल्या वाटेने भेटेल हे मी आधी ठरवू नये, असे मला त्या सूत्रांमुळेच वाटते.

तो संगणकावर काय खेळतो हे पाहण्यासाठी मागच्या महिन्यात मी दोन-तीन संध्याकाळी त्याच्या शेजारी बसले. एका खेळात चित्र म्हणून नव्हतेच. पडद्यावर केवळ मजकूर येत होता: तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, वाट कोणत्या दिशेला जाते. आपण एक-दोन शब्दांत आज्ञा लिहायची आणि पुढचा मजकूर वाचायचा. या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष १९७६ च्या सुमारास विल क्राउदर नावाच्या एका अमेरिकन प्रोग्रॅमरने लिहिला. तो स्वतः गुहांमध्ये उतरून त्यांचे नकाशे काढणारा होता, आणि केंटकी राज्यातल्या ज्या प्रचंड गुहेत तो हिंडला होता तिचेच वर्णन त्याने त्या खेळात केले. घटस्फोटानंतर मुलींपासून दुरावल्यासारखे झाले होते, त्यांना आपल्याबरोबर खेळता यावे म्हणून त्याने तो तयार केला. बाबा, हे समजल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसून राहिले. एका बापाने आपल्या मुलींसाठी शब्दांची गुहा केली, आणि पन्नास वर्षांनी माझा मुलगा तसल्याच एका गुहेत हातात दिवा घेऊन हिंडत आहे, अडखळला की मागचा परिच्छेद पुन्हा वाचत आहे आणि कागदावर नकाशा काढत आहे. याला वाचन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

परंतु तुम्हाला खरोखर सांगायचे आहे ते आमच्या घरगुती खेळाबद्दल. इंग्रजीत शब्द जुळवण्याचा जो प्रसिद्ध खेळ आहे, स्क्रॅबल, तो आमच्याकडे आहे. आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३० नंतरच्या मंदीत काम गेले असताना तो रचला. कोणते अक्षर किती वेळा येते हे ठरवण्यासाठी त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरे मोजली आणि त्यावरून सोंगट्यांची संख्या व त्यांचे गुण ठरवले. एकूण शंभर सोंगट्या. मुलाने विचारले, असा खेळ मराठीत का करू नये? मीही उत्साहाने हो म्हटले, आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही अडकलो. क्ष आणि ज्ञ धरून छत्तीस व्यंजने घेतली आणि प्रत्येकाची बाराखडी केली, तर ४३२ सोंगट्या होतात, आणि त्यात स्वर नाहीत, जोडाक्षरे नाहीत, शिवाय प्रत्येकाची एकच प्रत आहे. एवढ्या सोंगट्यांमधून हाताला सात लागल्या, तर त्यांतून एकही शब्द होण्याची खात्री नाही.

तीन-चार दिवस विचार करून आम्ही असे ठरवले की सोंगटीवर नुसते व्यंजन लिहायचे, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार हे खेळणाऱ्याने मनाने लावायचे. क, म आणि ळ एवढ्या तीन सोंगट्यांतून मग कमळ होते, आणि क, म या दोघांतून काम, कमी, किमी. जोडाक्षरासाठी एकाच घरात दोन सोंगट्या एकावर एक ठेवायच्या. ही युक्ती चालते असे वाटत असतानाच खरा वाद निघाला. आडवा शब्द 'माळ' आहे. त्याच्या पहिल्या सोंगटीवरून खाली 'मोर' उतरवला तर चालेल का? सोंगटी म ची आहे, मग आडवे वाचताना काना आणि उभे वाचताना ओकार लावला तर बिघडले कुठे, असे त्याचे म्हणणे होते. माझे म्हणणे असे की आपण अक्षर वाचतो ते मात्रेसकट वाचतो. 'मा' आणि 'मो' ही डोळ्यांना आणि कानांना दोन वेगळी अक्षरे आहेत, आणि शब्दकोड्यातही एका घरात एकच पूर्ण अक्षर बसते. दोन संध्याकाळी आम्ही यावर भांडलो. शेवटी नियम माझा राहिला, पण त्याने त्याला एक जोड दिली, ती माझ्या नियमापेक्षा चांगली आहे: जो खेळाडू दोन्ही बाजूंनी मात्रा जुळवून दाखवील, त्याला त्या घराचे गुण दुप्पट.

सोंगट्यांची संख्या ठरवायला आम्हीही बट्स यांच्यासारखीच मोजणी केली. मी एका जुन्या मराठी मासिकाचे पान घेतले, त्याने दुसरे. र, त, न, ल, क यांच्या रेघाच रेघा उमटल्या, तर ङ आणि ञ यांच्यासमोरचा कागद कोराच राहिला, म्हणून त्यांना आम्ही सोंगटी दिली नाही. ळ च्या बाबतीत मात्र त्याने एक शोध लावला, तो मला आजवर कधी सुचला नव्हता: ळ ने सुरू होणारा शब्दच सापडत नाही. तो नेहमी मध्ये किंवा शेवटी येतो. तुम्हाला आठवत असेल, तो लहान असताना त्याला ळ म्हणता येत नसे आणि फोनवर तुम्ही त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होता. आता गुण मिळवायचे म्हणून ळ असलेले शब्द तो स्वतः शोधतो. ओळ, वेळ, खेळ, काळ, जवळ, सावळा, आभाळ. हे शब्द मिळवण्यासाठी त्याने माझ्या कपाटातले गोष्टींचे एक मराठी पुस्तक काढले आणि हातात पेन्सिल घेऊन ळ भोवती गोल करत चालला. सातव्या-आठव्या पानावर गोल थांबले. मी पाहिले, तर तो गोष्ट वाचत होता. त्यानंतर त्याने मला 'हुरहुर' म्हणजे काय हे विचारले, आणि ते समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, इतके ते बाहेरून सांगणे अवघड आहे.

आता तुमच्या म्हणण्यातला जो भाग मला पटतो तो. त्याच्या फोनवर एक खेळ होता, जो संपतच नसे. जिंकण्याची वेळ नाही, हरण्याची नाही. रोज उघडला तर बक्षीस, न उघडला तर जमवलेले कमी होणार. तो खेळताना त्याचा चेहरा मी पाहिला आणि मला त्या चेहऱ्यात आनंद दिसला नाही. आम्ही दोघांनी बोलून तो काढून टाकला. दोन दिवस तो रुसला, तिसऱ्या दिवशी विसरला. माझेही तेच झाले होते, हे मी त्याला सांगितले. २००६ मध्ये आझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने अशी रचना शोधली की पडद्यावरचे पान खाली सरकवत गेले, की पुढचा मजकूर आपोआप येत राहतो. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. सकाळच्या गाडीतली माझी चाळीस मिनिटे वर्षभर या न संपणाऱ्या पानाने खाल्ली. पुस्तक पिशवीतच राहत असे, आणि उतरताना मी काय वाचले हे मला एका वाक्यातही सांगता आले नसते. डावाला शेवट असतो, प्रकरणाला शेवट असतो, पुस्तकाला मलपृष्ठ असते. तिथे पोचल्यावर माणूस मान वर करून खिडकीबाहेर पाहतो, आणि वाचलेले त्याच वेळी आत उतरते. म्हणून मुलाने काय निवडले हे पाहताना, ते वाचन आहे की खेळ आहे हे मी आता विचारत नाही; ते कुठे थांबते, एवढेच विचारते.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांबद्दल तुम्ही रागावला आहात हे कळले. एके काळी मलाही घेतलेले पुस्तक सोडणे हा लेखकाचा अपमान वाटे. परंतु पटावर हार स्पष्ट दिसल्यावर राजा आडवा करून हात पुढे करणे यात आपण कमीपणा मानत नाही. उलट मात होईपर्यंत ताणत राहणे हेच खेळाडूला शोभत नाही, असे तुम्हीच सांगत असा. साठ-सत्तर पानांनंतरही एखाद्या पुस्तकाशी माझे जुळले नाही, तर मी ते नीट बंद करून परत करते. त्यातली दोन पुस्तके मी काही वर्षांनी पुन्हा घेतली आणि शेवटपर्यंत वाचली.

आई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. डोळे दुखतात म्हणून तू पुस्तके ऐकतेस, आणि ते वाचनात धरावे का, असे तू थोडे संकोचून लिहिले आहेस. अवश्य धरावे. लुई ब्रेलने १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली, आणि तेव्हापासून असंख्य माणसे बोटांनी वाचत आली आहेत. मग कानांनी वाचण्यात कमीपणा कसला? एक फरक मात्र लक्षात ठेव. आपले डोळे ओळीवरून सरळ घरंगळत नाहीत, ते उड्या मारतात, प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतात, आणि इंग्रजी वाचकांवरच्या अभ्यासांत असे दिसले आहे की त्यांतल्या दहा ते पंधरा टक्के उड्या मागच्या दिशेला असतात. म्हणजे नकळत आपण सारखे मागचे पुन्हा पाहत असतो. ऐकताना ही सोय नसते, आवाज पुढेच जातो. म्हणून एखादी जागा निसटली असे वाटले, तर आळस न करता मागे जाऊन पुन्हा ऐकत जा. संध्याकाळी बाबांना समोर बसवून ऐकलेस तर आणखी चांगले, कारण मध्येच थांबवून बोलायला कोणीतरी हवे असते.

बाकी आम्ही तिघेही खुशाल आहोत. थंडी वाढली आहे, चार वाजताच अंधार पडतो, आणि त्यामुळे दिव्याखाली बसण्याचे तास वाढले आहेत. सोंगट्यांचा एक संच पुठ्ठ्यावर कापून वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे. ळ च्या तीनच आहेत, त्या जपाव्यात.

माझी खेळी: ६१२५. माझा उंट तुमच्या घोड्यासमोर येऊन बसला आहे. पट मांडलेला राहू द्या. पाहुणे आले तरी आवरून ठेवू नका.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची
धाकटी

ता. क. तुम्ही १७१६ हे प्यादे पुढे करून उंटाला हुसकावलेत, तर माझे उत्तर २५१४ असे धरावे आणि उंट तुम्हीच हलवून ठेवावा. पत्राने खेळणारे अशी खेळी आधीच लिहून पाठवतात, म्हणजे एका फेरीचा वेळ वाचतो. पत्र मात्र वाचवू नका, ते पाठवाच.